पाचवी मूठ

१

नागपंचमी झाली की आमच्या घरचा फोन तापतो. भाऊकीतली बावन्न घरं, निम्मी इथे अमळनेरात, बाकी धुळ्याला, जळगावला, सुरतेला. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, नाना, यंदा आमच्या मुठी किती? कानबाई ही आमची खान्देशातली श्रावणातली देवी. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या गोड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ काढायची, दळायची आणि त्याच पिठाचे रोट करायचे. रोट घरच्याच माणसांनी खायचे, उंबऱ्याबाहेर कणही जाऊ द्यायचा नाही, आणि राखीपौर्णिमेच्या आत संपवायचे. दुसऱ्या भाऊकीत रीत थोडी वेगळी असेल, आमची अशी आहे.

आपल्याच घरात माणसं किती हे फोन करून विचारायचं, यावर माझी बायको ज्योत्स्ना लग्न झाल्यापासून हसते आहे. पण लेकीची मूठ लग्नानंतर कधी थांबते, नव्या सुनेची कधी सुरू होते, सुतक कोणाला लागतं, यावरून आमच्याकडे पूर्वी डोकी फुटायचीच बाकी राहायची. म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे सुपडू नानांनी, एक वही ठेवली. तेल गिरणीतली नोकरी सुटली तरी वही सुटली नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्या वहीचा कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम करून दिला. घराचा नंबर टाकला की यादी येते. नाव, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात ‘घरी’ किंवा ‘बाहेरगावी’. बाहेरगावी असलेल्याचीही मूठ काढतात, फक्त त्याच्या वाटचे रोट घरच्यांनी त्याच्या नावाने खायचे असतात. यादीच्या खाली एकूण आकडा येतो. एवढाच प्रोग्रॅम. त्यात स्वतःहून काही बदलायची सोय मी ठेवलेलीच नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला ते स्वतःलाच फार वेळा सांगावं लागलं.

२

यंदा नवा प्रिंटर आणला आणि त्याने जुन्या कॉम्प्युटरला ओळखच दिली नाही. पंधरा वर्षांचं मशीन, त्यावर विंडोज एक्सपी. मी जळगावला कॉम्प्युटर शिकवतो, रोज गाडीने जा-ये करतो, आणि माझ्याच घरी एक्सपी. पोरं ऐकतील तर काय म्हणतील, म्हणून मी कुठे बोलत नसे. पण हात लावायचीही हिंमत नव्हती. प्रोग्रॅमची सीडी केव्हाच हरवली होती आणि मूळ कोडच्या फ्लॉपीवर बुरशी चढली होती. कोरं विंडोज टाकलं असतं तर भाऊकीच गेली असती. यादी गेली तर मी लोकांना काय तोंड दाखवू, असं नाना मला दोनदा बजावून गेले.

म्हणून आहे ते जागच्या जागी ठेवून वर चढवायचं ठरवलं. प्रोग्रॅम राखून एक्सपीवरून एकदम टेनवर जाता येत नाही. आधी व्हिस्टा, मग सेव्हन, मग टेन. घरात माणसं राहत असताना एकेका खोलीची फरशी बदलावी तसं हे काम. मी आधी हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल काढली. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आणि नकलेवर काम सुरू केलं. दोन दिवस रजा टाकली होती. प्रत्येक पायरी चढून झाली की प्रोग्रॅम उघडून बघायचा, ही माझी शिस्त. व्हिस्टावर आमच्या घराचा आकडा चार आला. सेव्हनवर चार आला.

टेनवर पाच आला.

३

आमचं घर एक नंबरला. पहिली ओळ सुपडू, म्हणजे नाना. दुसरी ललित, म्हणजे मी. तिसरी ज्योत्स्ना. चौथी आमची नऊ वर्षांची दिपमाला. आई, कमलबाई, दोन वर्षांपूर्वी गेली, तिची ओळ मीच तेराव्यानंतर पुसली होती. आता चौथ्या ओळीच्या खाली एक पाचवी ओळ होती. नाव नाही, जन्मतारीख नाही. शेवटच्या रकान्यात फक्त ‘घरी’.

सकाळचे अकरा वाजले होते. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. मी घाबरलो वगैरे मुळीच नाही, उलट मला रागच आला. इतकी काळजी घेऊन एक कोरी ओळ कुठून घुसली? उरलेली एक्कावन्न घरं एकेक करून उघडली. एकाही घरात काना-मात्रेचा फरक नव्हता. मी आमच्या घरातली ती ओळ पुसली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. ओळ परत आली होती. कपाटातली जुनी डिस्क जोडून पाहिली, तिथे आम्ही चारच होतो. पुन्हा नवी जोडली, पाच. असं मी चार-पाच वेळा केलं असेल. मग स्वतःची समजूत घातली की जुनी फाइल नव्या घरात आली की असं कधीकधी होतं. वर्गात मुलांनी विचारलं असतं तर मी हेच उत्तर दिलं असतं, आणि ते त्यांना पटलंही असतं.

४

चूक माझी एवढीच की मी प्रिंटर चालतो का बघायला तीच यादी छापली आणि कागद तिथेच ठेवून जेवायला गेलो.

परत आलो तर नाना चष्मा लावून तो कागद बघत होते. त्यांनी विचारलं, “हाई पाचवी मूठ कोनी शे?”

मी सांगितलं की कॉम्प्युटरची चूक आहे, कोरी ओळ आहे, मी काढतो. नाना कागदावरून बोट फिरवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “चूक नही. तुन्ही माय शे ती. तिन्हं नाव तू पुसं. ती आखो कोठे जाई?”

आई आणखी कुठे जाणार, असं त्यांचं म्हणणं. गेलेल्या माणसाची रोटाची मूठ काढत नाहीत. त्यांचे दिवस पितृपक्षात, कानबाई जित्या माणसांची. हा नियम नानांइतका कोणी पाळला नाही. चिंधा काकांनी एकदा गेलेल्या भावाची मूठ काढली, तर नानांनी त्यांना भाऊकीसमोर उभं केलं होतं. तेच नाना आता माझ्याकडे पोरासारखे बघत होते. दोन वर्षांत त्यांना मी इतकं आशेवर आलेलं पाहिलं नव्हतं. मी तो कागद त्यांच्याच हातात राहू दिला.

कानबाईच्या रविवारी सकाळी धुतलेल्या फरशीवर गव्हाची पाटी आणि डाळीचं ताट मांडलं. नानांनी चार मुठी काढल्या. पाचवीला त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवून मला खूण केली. पाचवी मूठ मी काढली. आधी भरलेली मूठ, मग चार बोटांत मावेल तेवढी वरची पाव मूठ. ज्योत्स्ना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अहो, ती परत टाका. मला बरं वाटत नाहीये.”

नानांनी ऐकलं. “काढेल मूठ परत टाकतस नही,” ते म्हणाले. तोही आमच्याकडचा नियमच आहे. ज्याच्या नावाने मूठ निघाली तो त्या वर्षी घरचा. पण या मुठीला नावच नव्हतं, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

५

पाचव्या वाटचे पाच रोट नानांनी स्टीलच्या डब्यात घातले आणि मागच्या खोलीत, आपल्या खाटेजवळ नेऊन ठेवले. नानांना साखरेचा त्रास. रोट गोड, गूळ घातलेले. दुसऱ्या दिवशी डब्यात चार होते म्हणून मी त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी कानाला हात लावला, मी शिवलोसुद्धा नाही म्हणाले, आणि खुशीत हसले. ते दाढी रोज करायला लागले होते. चहा दोन कप मागत होते.

मंगळवारी क्लासला सुट्टी होती. दुपारी बैठकीत कॉम्प्युटरपाशी बसलो होतो. ज्योत्स्ना बाहेर गेलेली, दिपमाला शाळेत. पंख्याचा आवाज तेवढा होता. मागच्या खोलीतून ‘सर्रर्र’ असा आवाज आला. थोडं थांबून, छोटासा, ‘सर्’.

तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा आहे. पत्र्याच्या डब्यात मूठभर गहू सोडले, मग वरचा पाव सोडला, की असा आवाज येतो. मागच्या खोलीत गहू नाहीत. आमचं धान्य गच्चीवरच्या कोठीत असतं. मी बसल्या जागी ऐकत राहिलो. पुन्हा सर्रर्र, पुन्हा सर्. घाई नव्हती. कोणीतरी शिकत असावं तसं, एकसारखं.

उठून गेलो. नाना भिंतीकडे तोंड करून झोपले होते. डब्यात तीन रोट होते. मी खाटेखाली वाकून बघितलं, कोपरे बघितले, आणि उंदीर असेल म्हणून पिंजरा लावला. पिंजऱ्यात काही सापडलं नाही.

६

गुरुवारी क्लासहून आल्यावर यादी उघडली. का उघडली ते सांगता येत नाही, पण रोज उघडायचा नाद लागला होता. पहिल्या ओळीत सुपडू, आणि पुढे ‘बाहेरगावी’.

नाना मागच्या खोलीत खोकत होते. मला ऐकू येत होतं. मी तो शब्द बदलून ‘घरी’ केला. ज्योत्स्नाला विचारलं, दिपमालाला विचारलं, कोणी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. शुक्रवारी पुन्हा ‘बाहेरगावी’. पाचवी ओळ मात्र रोज ‘घरी’च होती.

मला भीती वाटली. आता लपवून काय उपयोग? जुनी डिस्क लावून एक्सपीवर परत जावं आणि हे प्रकरण मिटवावं असं मनात आलं. पण नाना ऐकेनात. तिला दुसऱ्यांदा पुसायला निघाला का, म्हणाले. मी म्हटलं, पौर्णिमेपर्यंत थांबू, रोट संपू दे, मग बघू.

त्याच संध्याकाळी दिपमाला माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “पप्पा, नाना मला माझं नाव विचारत होते. आणि जन्मतारीख. दोनदा विचारली.”

मी म्हातारपणाचा विसर म्हणून सोडून दिलं. ज्या माणसाला बावन्न घरांतल्या पोरासोरांच्या तारखा तोंडपाठ, तो नातीची तारीख विसरेल का, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. किंवा कदाचित आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल.

७

पौर्णिमेला मी उशिरा उठलो. नानांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत खोकला चालू होता. जेवायला ते आले नाहीत. भूक नाही असं आतूनच सांगितलं, म्हणून ज्योत्स्नाने ताट झाकून ठेवलं. दुपारी साडेतीनला धुळ्याहून बेबा आत्याचा फोन आला. दरवर्षी नाना तिच्याकडे राखी बांधून घ्यायला जातात, यंदा तब्येतीमुळे जाणार नाहीत असं मी धरून चाललो होतो.

आत्या म्हणाली, भाऊ सकाळीच पोचला, जेवला, आता पडलाय, तुझा फोन नाही म्हणून केला. मी म्हटलं, आत्या, कोणता भाऊ? ती हसली आणि फोन नानांकडे दिला.

नानांचाच आवाज. मागे धुळ्याच्या गल्लीतला भंगारवाला ओरडत होता, तोही मला ऐकू आला. नाना म्हणाले, “मी पहिली गाडीले निंघनू. तू झोपेल व्हता, तुले उठाडं नही. तुन्ही मायले सांगीसन उनू.” आईला सांगून आले होते म्हणे.

मागच्या खोलीत नाना खोकले.

फोन कानाला तसाच होता. मी ज्योत्स्नाला विचारलं, दिपू कुठे आहे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, नानांना चहा द्यायला गेलीय, बराच वेळ झाला.

बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत दहा पावलं. वाटेत कॉम्प्युटर होता, यादी उघडीच होती, आणि मी न थांबता वाचलं. सुपडू, बाहेरगावी. दाराच्या आतून आवाज येत होता, सर्रर्र, सर्. त्यामागून माझ्या लेकीचा आवाज, शाळेत पाढे म्हणते तसा. दार मी खांद्याने ढकललं.

पडदा ओढलेला होता. दिपमाला खाली फरशीवर बसली होती, मूठ पुढे केलेली. समोर खाटेच्या कडेला पांढऱ्या बनियनमधली एक पाठ वाकलेली होती. दोघांच्या मधे डबा, रिकामा. त्या पाठीपुढून एक हात आला होता आणि दिपमालाच्या हाताची बोटं एकेक करून मिटत होता, लहान पोराला मूठ भरायला शिकवतात तशी. मी तो हात पाहिला. आईच्या हातावर गोंदण होतं, ते नव्हतं. नानांच्या हाताच्या फुगलेल्या शिरा नव्हत्या. त्या हातावर काहीच नव्हतं. नखं नव्हती, बोटांच्या सांध्यांवर सुरकुती नव्हती. तो हात कोरा होता.

मी दिपमालाला दंडाला धरून ओढलं. त्या क्षणी मी फक्त तिच्याकडे बघितलं, दुसरीकडे बघायची माझ्यात ताकद नव्हती. पुन्हा नजर वर केली तेव्हा खाटेवर नानांचं बनियन घडी घालून ठेवलेलं होतं. चहा तसाच होता, साय धरलेला.

८

दुसऱ्या संध्याकाळी नाना धुळ्याहून आले, हातात राखी. डबा रिकामा पाहून त्यांना समाधान वाटलं. रोट पौर्णिमेच्या आत संपले, रीत पाळली गेली. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगून त्यांची आई कोण हिरावून घेणार? म्हणजे माझी आई. बोलताना हल्ली माझं असं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी मी यादी उघडली. दिपमाला माझ्या मागे पलंगावर बसून गृहपाठ करत होती.

पहिली ओळ, सुपडू, घरी. दुसरी मी, घरी. तिसरी ज्योत्स्ना, घरी. चौथी दिपमाला, तिची जन्मतारीख, आणि पुढे ‘बाहेरगावी’. पाचवी ओळ आता कोरी नव्हती. दिपमाला. तीच जन्मतारीख. घरी. एकूण पाच.

मागून पेन्सिलीचा आवाज थांबला. “पप्पा,” ती म्हणाली, “आपण किती जण?”

पाच, मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? पेन्सिल पुन्हा चालू झाली.

याला आता तीन महिने झाले. तिच्यात काही फरक नाही असं ज्योत्स्ना म्हणते. हनुवटीखालचा तीळ आहे, आवाज तोच, दुधावरची साय तिला अजून आवडत नाही. ज्योत्स्नाने मला जळगावच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांच्या गोळ्या मी घेतो. ती म्हणते, तो कॉम्प्युटर भंगारात द्या. मी देत नाही. पाचवी ओळ पुसायला हात शिवशिवतो, पण पुसली आणि घरात कोणतीच दिपमाला राहिली नाही तर? चौथ्या ओळीत मी रोज ‘घरी’ लिहितो. सकाळी ते ‘बाहेरगावी’ झालेलं असतं.

कधीकधी दार लावून जुनी डिस्क जोडतो. तिथे स्क्रीनवर एक्सपीचं ते हिरवं कुरण दिसतं, प्रोग्रॅम उघडतो, आणि तिथे आम्ही चौघंच आहोत, चौघंही घरी. मी ती चौथी ओळ बघत बसतो. तिथे आत जायला वाट असती तर मी केव्हाच गेलो असतो.

पुढच्या श्रावणात मी पाच मुठी काढणार आहे, नाना असोत नसोत. बाहेरगावी असलेल्याची मूठ चुकवत नाहीत. माझी पोर कुठे आहे ते मला माहीत नाही, पण जिथे असेल तिथे तिला कळायला हवं की तिचं नाव पुसलेलं नाही.

तोवर रोज सकाळी कोणाला उठवायच्या आधी मी यादी उघडतो आणि चौथी ओळ वाचतो. मग कॉम्प्युटर तसाच चालू ठेवतो, हिची वेणी घालतो, आणि हिला शाळेत सोडून येतो.